हिवाळ्यातला हाय रोड : सँटा फे ते ताओस, दिवसाउजेडी आणि चर्च उघडं असताना

न्यू मेक्सिकोत सँटा फेहून ताओसला जायला दोन रस्ते आहेत. खालचा रस्ता, म्हणजे लो रोड, रिओ ग्रांदे नदीच्या काठाने जातो. सुमारे ७० मैलांचं हे अंतर दीड तासात संपतं. वरचा रस्ता, हाय रोड, सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांच्या कुशीतून जुन्या स्पॅनिश वस्त्यांमधून वळणं घेत जातो. न थांबता गेलात तरी त्याला अडीच तास लागतात. मातीच्या विटांची जुनी चर्च, विणकरांची आणि लाकूड कोरणाऱ्यांची गावं या वरच्या रस्त्यावर आहेत.

थँक्सगिव्हिंगनंतर किंवा जानेवारीच्या जोडसुट्टीत डेन्व्हर, डॅलस, फीनिक्सहून आपली बरीच मंडळी इथे जातात आणि निराश होऊन परततात. फोनवर नुसतं ‘ताओस’ टाकलं की गाडी लो रोडनेच जाते. ज्यांना हाय रोड माहीत असतो ते निवांत न्याहारी करून अकराला निघतात. वाटेतल्या चिमायो गावात जेवण लांबतं, त्यापुढच्या लास त्रांपासला पोहोचेपर्यंत सावल्या उतरलेल्या असतात आणि शेवटची घाटाची वळणं अंधारात, बर्फाळ डांबरावर काढावी लागतात. हिवाळ्यात ही सहल मैलांवर आखायची नसते. कुठलं दार कधी उघडं असतं आणि ऊन किती वाजता जातं, यावर ती आखायची. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने, त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १ : तारीख आणि वार

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आल्बुकर्कीचा बलून महोत्सव असतो, शिवाय ॲस्पेनची पानं पिवळी झालेली असतात. त्यामुळे हॉटेलं महाग आणि रस्ते भरलेले. ही गर्दी ओसरली की नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. नाताळ ते नववर्ष ताओसच्या बर्फावर स्की करायला येणाऱ्यांची झुंबड असते. जानेवारीत पुन्हा शांतता. फेब्रुवारीतली प्रेसिडेंट्स डेची जोडसुट्टी टाळा. एप्रिलमध्ये वारा आणि चिखल दोन्ही असतात. तो काळ मला स्वतःला या सहलीसाठी आवडत नाही.

ईस्टरच्या आधीचा आठवडा नक्की टाळा. गुड फ्रायडेला हजारो यात्रेकरू चिमायोच्या तीर्थस्थानी पायी येतात. आसपासचे रस्ते माणसांनी भरून जातात आणि गाडी हाकणं त्यांच्यासाठी धोक्याचं असतं. तुम्हाला ती यात्राच पाहायची असेल तर त्याचं नियोजन पूर्ण वेगळं.

वाराचं गणित तारखेइतकंच महत्त्वाचं आहे. हिवाळ्यात सोमवार-मंगळवारी बरीच दुकानं, खानावळी आणि चित्रदालनं बंद असतात. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, चालू असतात. त्या वेळी दारातून डोकावणं हे दुसऱ्याच्या देवघरात पूजा चालू असताना कॅमेरा घेऊन शिरण्यासारखंच. बुधवार ते शनिवार यातला दिवस धरा. त्यातही शनिवारी संध्याकाळी मिस्सा असू शकते, म्हणून बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार सगळ्यात सोयीचा.

*तपासा :* नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर सूर्यास्त पाचच्या आसपास होतो, डिसेंबरमध्ये पाचच्याही आधी. ‘सहापर्यंत उजेड असेल’ हा अंदाज ऑक्टोबरचा आहे.

टप्पा २ : आदल्या दिवशीची तयारी

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हाय रोडवरच्या बहुतेक अडचणी आदल्या रात्री सँटा फेतच टळतात.

*मुक्काम.* आदली रात्र सँटा फेमध्येच काढा. आल्बुकर्की विमानतळाहून सँटा फे साधारण तासाभरावर आहे. काही जण विमानातून उतरून थेट हाय रोडला लागतात. ते करू नका. सँटा फे सुमारे ७,००० फुटांवर आहे आणि वाटेतलं त्रुचास ८,००० फुटांवर. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला डोकं दुखणं, धाप लागणं, झोप न येणं असे त्रास पहिल्या रात्रीच जाणवतात. भारतातून आलेले आई-वडील सोबत असतील, त्यातून कुणाला हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि सँटा फेत दोन रात्री ठेवा. पाणी भरपूर प्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून ते राहून जातं.

*कपडे.* ‘वाळवंट’ ऐकून पातळ जाकीट आणणारे खूप भेटतात. हे उंचावरचं वाळवंट आहे. वाळूच्या टेकड्या इथे नाहीत. लालसर उघडे डोंगर, त्यावर पिन्यॉन आणि जुनिपरची बुटकी झाडं आणि कोरडी हवा. जानेवारीत सँटा फेत दुपारी साधारण ६ अंश सेल्सियस असतं आणि पहाटे उणे ८ पर्यंत उतरतं. त्रुचासला त्याहून गार आणि वर वारा. कानटोपी, हातमोजे आणि तळ न घसरणारे बूट हवेतच. जुन्या चर्चमध्ये आत बाहेरच्यापेक्षा थंड वाटू शकतं, म्हणून कोट गाडीत ठेवून आत जाऊ नका.

*गाडी.* भाड्याची गाडी घेताना चारही चाकांना ताकद देणारी मागा. मिळाली नाही तर निदान टायरची नक्षी झिजलेली नाही ना, हे काउंटर सोडण्याआधी वाकून पाहा. स्वतःची गाडी फीनिक्स किंवा ह्यूस्टनहून आणत असाल तर काच धुण्याचं पाणी बदला. उष्ण शहरांत भरलेलं साधं पाणी इथे गोठतं आणि बर्फाचा चिखल काचेवर उडाला की समोरचं काही दिसत नाही. काचेवरचं दव-बर्फ खरवडायची पट्टी, टॉर्च, एक जाड पांघरूण, फोन चार्जर एवढं गाडीत असू द्या. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या आणि कंपनीला तो चालतो का हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

*इंधन.* टाकी सँटा फेत किंवा तिथून उत्तरेला वाटेतच लागणाऱ्या पोवाकीत पूर्ण भरा. पुढे डोंगरात पंप मिळेल या भरवशावर राहू नका.

*नकाशा.* संपूर्ण भागाचा नकाशा फोनवर उतरवून ठेवा, कारण डोंगरात नेटवर्क येतं-जातं. एकदम ‘ताओस’ टाकू नका. क्रमाने थांबे टाका : सान्तुआरिओ दे चिमायो (चिमायोचं तीर्थचर्च), त्रुचास, लास त्रांपास, पेन्यास्को, रांचोस दे ताओस. रस्त्यांचे क्रमांक कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा : ५०३, ९८, ७६, ७५, ५१८, ६८.

*डबा.* दुपारचं खाणं बरोबर घ्या. शाकाहारी असाल तर हे नक्की करा. न्यू मेक्सिकोची लाल आणि हिरवी मिरची चवीला अप्रतिम, पण तिच्या रश्शात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं आणि घेवड्यात चरबी. ‘बीन्स आहेत म्हणजे शाकाहारी’ असं धरून चालू नका, दर वेळी विचारा. खायला बसलात तर वेटर ‘लाल की हिरवी?’ असं विचारेल. दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. मधाबरोबर येणारी गरम सोपापिया, म्हणजे फुगलेली तळलेली पोळी, मात्र चुकवू नका, तीही चरबीत तळलेली नाही ना एवढं विचारून.

*रोख पैसे.* एक आणि पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. चर्चच्या दानपेटीसाठी आणि छोट्या दुकानांसाठी त्या लागतात.

*तपासा :* रात्री झोपण्याआधी आणि सकाळी निघण्याआधी असं दोनदा राज्याच्या रस्ते-माहितीच्या ५११ क्रमांकावर किंवा एनएमरोड्सच्या संकेतस्थळावर रस्ते क्रमांक ७६ आणि ५१८ यांची स्थिती पाहा. सँटा फेत लख्ख ऊन असताना ५१८वर बर्फ साचलेलं असू शकतं. सँटा फेच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावरून निर्णय घेऊ नका.

टप्पा ३ : निघणं आणि पहिलं चुकणारं वळण

साडेआठला सँटा फे सोडा. त्याआधी निघून फायदा नाही. पहाटेचं काळं, न दिसणारं बर्फ रस्त्यावर टिकून असतं आणि चर्चची दारंही उघडलेली नसतात.

यूएस ८४/२८५ने उत्तरेला पोवाकीपर्यंत या. तिथून उजवीकडे ५०३वर वळून नांबेमधून पुढे. या रस्त्यावर साधारण सात-आठ मैलांवर डावीकडे ९८ क्रमांकाचा, हुआन मेदिना नावाचा रस्ता फुटतो. सगळ्यात जास्त गाड्या इथेच चुकतात. सरळ गेलात तर कुंदियो गावातून फिरून चिमायोच्या वरच्या अंगाला ७६वर निघता आणि मुख्य तीर्थस्थान मागे राहतं. नांबे सोडल्यावर वेग कमी करा आणि शेजारी बसलेल्याला पाट्यांवर लक्ष ठेवायला सांगा.

*इशारा :* रस्त्याच्या कडेला फुलांनी सजवलेले छोटे क्रूस दिसतील. त्या जागी कुणाचा तरी मृत्यू झालेला आहे. थांबून त्यांना हात लावू नका, फुलं सरळ करायलासुद्धा नको.

टप्पा ४ : चिमायो (साडेनऊ ते अकरा)

आधी सान्तुआरिओ, मग बाकी सगळं. हा क्रम उलटा झाला की गर्दी वाढते आणि आतली शांतता मिळत नाही. १८१६ साली पूर्ण झालेलं हे छोटं मातीचं चर्च आजही जिवंत तीर्थक्षेत्र आहे. तुम्ही पर्यटक असाल, पण शेजारच्या बाकावरची बाई कदाचित मुलाच्या आजारपणासाठी आलेली असते. टोपी काढा, फोन बंद करा. आत फोटो काढायला परवानगी नाही. ‘फक्त एकच, फ्लॅशशिवाय’ असंही नाही.

आत पुढे जाऊन मूर्तींसाठीचं लाकडी रंगवलेलं मखर नीट पाहा, मग डावीकडच्या खोलीत जा. तिथून वाकून आत गेलं की जमिनीतला छोटा खड्डा दिसतो, ‘एल पोसितो’. भाविक त्यातली माती बरं होण्याच्या श्रद्धेने नेतात. खड्डा आपोआप भरत नाही. चर्चची माणसं त्यात आशीर्वाद दिलेली माती भरतात. घ्यायची असेल तर चिमूटभरच घ्या आणि दानपेटीत काही टाका. शेजारच्या खोलीत बरे झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या आणि फोटो आहेत. तिथे सावकाश चाला.

*इशारा :* ही माती भारतात नेण्याचा बेत असेल तर तो सोडा. वनस्पती संसर्गरोधाच्या नियमांखाली माती परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही. आजीसाठी न्यायचंच असेल तर प्रार्थनेची मेणबत्ती किंवा छोटा क्रूस न्या.

बाहेर आल्यावर जवळच सान्तो निन्योचं छोटं देवालय आहे. तिथे लोक बालयेशूसाठी लहान मुलांचे बूट वाहतात. मग विणकरांची दुकानं. ऑर्तेगा आणि सेंटिनेला इथे मागावर विणलेली घोंगडी मिळतात. पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे, म्हणून किंमतही तशीच आहे. घासाघीस करू नका. स्थानिक वाणाची लाल मिरचीची पूड घ्यायची असेल तर पाकिटावर चिमायोचंच पीक असल्याचं लिहिलेलं आहे का ते पाहा, कारण नुसत्या ‘न्यू मेक्सिको मिरची’ची पाकिटंही शेजारीच ठेवलेली असतात. स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या. पुढे लवकर मिळेलच असं नाही.

*तपासा :* घड्याळात अकरा वाजले? निघा. दुपारी बारानंतर चिमायोतच असाल तर लास त्रांपासनंतरचे थांबे गाळण्याची तयारी ठेवा.

टप्पा ५ : त्रुचासचं वळण

९८वरून खाली उतरून ७६ला लागा आणि उजवीकडे वळा. वाटेत कॉर्डोवा गावाचा फाटा येईल. लाकूड कोरणाऱ्यांचं हे गाव सुंदर आहे, पण रस्ता अरुंद आणि उताराचा. बर्फ असेल तर तो सोडून द्या.

रस्ता चढून त्रुचासच्या कड्यावर येतो आणि डावीकडे एस्पान्योलाच्या खोऱ्यापर्यंत पसरलेलं लाल वाळवंट दिसतं, समोर १३,००० फुटांचा त्रुचास पर्वत. सुरक्षित जागा दिसल्याशिवाय गाडी कडेला घेऊ नका. बर्फाखाली डांबर कुठे संपतं आणि चर कुठे सुरू होते ते दिसत नाही.

गावात शिरताच ७६ काटकोनात डावीकडे वळतो आणि गावाचा रस्ता सरळ पुढे जातो. सवयीने सरळ गेलात तर पुढे रस्ता संपतो. सरळ जाणं चूक नाही. त्या बाजूला काही चित्रकारांची दालनं आहेत. पण परत फिरून त्याच कोपऱ्यावर यायचं आहे, हे लक्षात ठेवा. गावात कुत्री मोकळी फिरतात, वेग कमी ठेवा. गावांच्या कडेला कुठे कुठे मोराडा दिसतात, म्हणजे पेनिटेंट या कॅथलिक भाविकांच्या बंधुसंघाची साधी, जवळजवळ बिनखिडक्यांची प्रार्थनागृहं. त्यांच्याजवळ जाऊ नका आणि त्यांचा फोटो काढू नका. ती पाहण्याची ठिकाणं नाहीत.

टप्पा ६ : लास त्रांपास

माझ्या मते या रस्त्यावरची सगळ्यात मोलाची जागा हीच. सान होसे दे ग्रासिया हे चर्च १७६० ते १७७६ या काळात बांधलं गेलं आणि आजही ते गावाचं आहे. इथे तिकीटखिडकी नाही, वेळापत्रक नाही. हिवाळ्यात ते बहुतेक वेळा कुलूपबंद असतं. म्हणून आत जायला मिळालंच पाहिजे असा हट्ट धरून येऊ नका. दार ठोठावत घरोघर किल्ली मागत फिरू नका. दार उघडं असेल आणि कुणी भेटलं तर विचारा, मग आत जा.

बंद असलं तरी अर्धा तास द्या. अंगणाच्या फाटकातून आत जाता येत असेल तर जा. समोरून दोन्ही मनोरे आणि मधला लाकडी सज्जा पाहा. मातीच्या भिंतीला टेकू नका, पाय लावून बसू नका. या भिंती दर काही वर्षांनी गावकरी हाताने पुन्हा माती लावून सारवतात. ओल्या बर्फाच्या दिवसात भिंतीचा पापुद्रा हाताच्या रेट्यानेही निघतो.

गावातून बाहेर पडताना रस्त्यालगत कोरलेल्या लाकडी ओंडक्यांची पन्हळ दिसते. अशा पन्हळींतून इथे कालव्याचं पाणी ओढा ओलांडून शेतात नेलं जातं. थांबण्याआधी मागून येणारी गाडी पाहा. रस्ता अरुंद आहे.

टप्पा ७ : फाट्यावरचा निर्णय

७६ पुढे ७५ला मिळतो. इथे गाडी थांबवा आणि ठरवा, कारण यानंतर परतीची सोपी वाट नाही.

उजवीकडे पेन्यास्को, मग ५१८. त्या टोकाला डावीकडे वळून यूएस हिलच्या घाटातून जंगलातले सुमारे ८,५०० फूट ओलांडून ताओसच्या बाजूला उतरायचं. ५१८वर उजवीकडे वळलात तर सिपापूच्या स्की उतारांकडे आणि पुढे मोराकडे जाल. ही चूकही नेहमीची.

डावीकडे ७५ने गेलात तर पिकुरिस पुएब्लोजवळून (पुएब्लो म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव) डिक्सनला आणि तिथून लो रोडवर उतरता. हीच तुमची सुटकेची वाट. पुढच्यांपैकी एक जरी लागू असेल तर डावीकडे वळा आणि लो रोडने ताओसला जा :

१. अडीच वाजून गेले आहेत.
२. बर्फ पडतंय किंवा ५१८वर बर्फ साचल्याची सूचना आहे.
३. चालवणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ किंवा झोप येते आहे.

त्यामुळे सहल अपुरी राहिली असं वाटून घेऊ नका. रांचोसचं चर्च लो रोडवरच आहे, ते तुम्हाला तरीही मिळतं.

५१८वर गेलात तर उतरताना गिअर खाली ठेवा. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. उत्तरेच्या सावलीतली वळणं दुपारीही बर्फाळ असतात. सांज होताच हरणं आणि एल्क ही मोठी सांबरं रस्त्यावर येतात.

पिकुरिसला थांबायचं असेल तर आधी तिथल्या कार्यालयात विचारा. पुएब्लोत फोटोसाठी परवानगी लागते, आणि कधी कधी गाव बाहेरच्यांसाठी बंद असतं.

टप्पा ८ : रांचोस दे ताओस (तीन ते साडेचार)

५१८ जिथे ६८ला मिळतो तिथून डावीकडे थोडं गेलं की सान फ्रान्सिस्को दे आसीसचं चर्च. चित्रकार जॉर्जिया ओकीफने रंगवलेलं आणि छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने टिपलेलं हेच. बहुतेक लोक समोरून फोटो काढून परततात. चर्चची पाठ, जाड टेकूंसह उभी असलेली ती गोलसर भिंत, पश्चिमेकडे आहे. दुपारनंतरचं तिरपं ऊन तिच्यावर पडतं आणि हाताने सारवलेल्या मातीचे वळ उठून दिसतात. म्हणून हा थांबा दिवसाच्या शेवटी ठेवा. सकाळी आलात तर पाठ सावलीत असते.

आत जायचं असेल तर आधी जा, कारण दार लवकर बंद होतं. नंतर पाठीमागे या. टेकूंवर मुलांना चढू देऊ नका. दरवर्षी जूनमध्ये पॅरिशची, म्हणजे या चर्चशी जोडलेल्या वस्तीतली माणसं एकत्र येऊन या भिंती मातीने पुन्हा लिंपतात, तेव्हा चर्च काही दिवस बंद असतं. हिवाळ्यात तो अडथळा नाही.

रात्र ताओसमध्ये काढा. त्याच संध्याकाळी अंधारात सँटा फेला परतण्याचा बेत करू नका.

टप्पा ९ : दुसरा दिवस

सकाळी ताओस पुएब्लो. जागतिक वारसा यादीतलं हे गाव आहे आणि लोक तिथे राहतात. हिवाळ्याच्या शेवटापासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत साधारण दहा आठवडे ते पाहुण्यांसाठी बंद असतं. शिवाय धार्मिक विधींसाठी अचानकही बंद होतं. म्हणून सहलीचा दिवस ठरवण्याआधीच त्यांच्याकडे फोन करून विचारा. उघडं असेल तर प्रवेशशुल्क भरा, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, सान हेरोनिमो चर्चच्या आत फोटो काढू नका. ‘प्रवेश नाही’ लिहिलेली गल्ली सोडून द्या.

परतताना लो रोड, ६८. ताओस सोडल्यावर काही मैलांवर रस्ता पठाराच्या कडेला येतो आणि रिओ ग्रांदेने कापलेली खोल दरी दिसते. थांबण्याच्या जागेतच थांबा. मग पिलारजवळ नदीकाठी उतरून वेलार्देमार्गे एस्पान्योला. वेळ असेल तर तिथून ७६वर दोनेक मैल आत सांता क्रूसचं जुनं चर्च आहे. उघडं असेल तर पाहा. बंद असेल तर परत फिरा, टाकी एस्पान्योलातच भरा आणि आल्बुकर्कीचं विमान संध्याकाळचं असेल तर दोनच्या आत तिथून निघा.